शिसपेन्सिलीत शिसं नसतं!

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते, आजचा लेख भांडणाचा आहे. मेळघाटातला पाऊस, मोहाची फुलं, सिपनेचा पूर असलं काही आज मिळणार नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी माझे जुने लेख काढून वाचावेत.

तर शिसपेन्सिल. आपल्या मराठीतला हा मोठा गमतीचा शब्द. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, किती पोरांना पेन्सिलींना टोक करून दिलं याची गणती नाही. पण शिसपेन्सिलीत शिसं नसतं. आत असतं ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. एके काळी लोकांना ते शिसंच वाटलं, नाव पडलं आणि चिकटलं. पेन्सिलीत शिसं असलंच तर ते बाहेरच्या चकचकीत रंगात असायचं, जो रंग गणित अडलं की पोरं दातांनी कुरतडायची. म्हणजे जिथे नाव आहे तिथे माल नाही, आणि जिथे माल आहे तिथे नावाचा पत्ता नाही.

शिशाचं सगळं असंच आहे. आणि हे मी रसायनशास्त्राचा तास घ्यायचा म्हणून सांगत नाही (मी मराठी घेऊन बीए झालेली बाई, विज्ञान शिकवलं तेही पुस्तकात बोट ठेवून). सांगते आहे ते आपल्या हृदयासाठी. काव्यातल्या नव्हे, छातीत डाव्या बाजूला धडधडतं त्या.

माझं भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे "जीवनशैलीचे आजार". बीपी, हार्ट अटॅक, लकवा, सगळं या एका पोत्यात कोंबलं की डॉक्टर मोकळे, सरकार मोकळं, आणि दोषी कोण, तर पेशंट. तुम्ही मीठ खाता, तुम्ही तेल खाता, तुम्ही चालत नाही, तुम्ही टेन्शन घेता. एकदा का दोष माणसाच्या जिभेवर टाकला, की त्याच्या हवेत, भांड्यात, मसाल्यात आणि कामाच्या जागी काय आहे हे पाहायची गरजच उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात इकडे एका तपासणी शिबिरात माझा जुना विद्यार्थी भेटला. कोरकू. वय पन्नाशीच्या आत, अंगावर मांस म्हणून नाही. सायकलवर गावोगाव फिरून भंगार गोळा करतो. जुन्या बॅटऱ्या आल्या की घरामागे फोडतो, आतल्या पट्ट्या कढईत वितळवतो आणि शिशाचे गोळे करून विकतो. त्याचं बीपी निघालं १६० वर १००. तिथल्या माणसाने ठरलेला पाठ म्हणून दाखवला, मीठ कमी, तेल कमी, रोज अर्धा तास चालायचं. बाहेर आल्यावर तो मला म्हणतो, "बाई, मी त दिवसभर सायकलच हाकलतो. तेल हप्त्याले पावभर बी येत नाही घरात. मंग त्याच्यातलं कमी काय करू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण प्रश्न बरोबर होता. कुठली जीवनशैली आणि कसलं काय! शैली असायला आधी पर्याय असावे लागतात.

आता इथे नीट वाचा, नाहीतर उद्या फोन करून "मावशी, तू काहीही लिहितेस" असं म्हणाल. त्याचं बीपी शिशामुळेच वाढलं असं मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नाही आणि त्याच्याकडे पाहून कुणालाच सांगता येणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की त्याला कुणी "तू काम काय करतोस?" हे विचारलंच नाही. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात तो मी पाहिला आहे. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-साखर आहे का, या सगळ्याला गुण आहेत. पुढे चुलीचं इंधन आणि वीटभट्टीचा धूरही विचारला आहे. फॉर्म चांगलाच आहे. पण त्यात शिशाचा रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणजे आपल्या देशात ती गोष्टच नाही.

शिसं हृदयापर्यंत पोचतं कसं, हे मला समजलं तसं सांगते. शिसं हा पक्का बहुरूपी आहे. शरीरात गेलं की कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीर फसतं आणि त्याला घरात घेतं. रक्तातलं शिसं महिना-दोन महिन्यांत बरंच कमी होतं, पण त्यातलं पुष्कळ हाडांत जाऊन बसतं, आणि तिथे वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं. रक्तात असताना ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं. वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड त्यामुळे कमी पडतो, वाहिन्या आवळतात, ताठर होतात. मूत्रपिंडालाही इजा होते आणि बीपी वर चढतं. हे सगळं न दुखता, न खुपता, वर्षानुवर्षं चालतं.

बायकांनो, तुमच्यासाठी आणखी एक. पाळी गेल्यावर हाडं झिजू लागतात, आणि हाडं झिजली की त्यात पूर्वी जमा झालेलं शिसं पुन्हा रक्तात येतं. म्हणजे तिशीत पोटात गेलेलं शिसं साठीत हृदयाशी येऊन हिशेब मागू शकतं. आम्ही म्हाताऱ्या "गुडघे दुखतात" म्हणत बसतो, तेव्हा आत हा जुना सावकार जागा झालेला असतो.

आता आकडे. मास्तरणीच्या लेखात आकडे यायचेच.

२०१८ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. चौदा हजारांवर प्रौढ माणसांचं रक्त तपासलं होतं आणि पुढे वीसेक वर्षं त्यांचं काय झालं ते पाहिलं होतं. त्यावरून काढलेला अंदाज असा, की त्या देशात वर्षाला सुमारे ४ लाख १२ हजार मृत्यूंत शिशाचा हात आहे, त्यातले २ लाख ५६ हजार हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे. आणि ज्यांच्या रक्तात शिसं "कमी" म्हणून सोडून दिलं जात होतं, त्यांनाही धोका होताच.

मग २०२३ मध्ये जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी साऱ्या जगाचा हिशेब मांडला. २०१९ या एका वर्षात शिशामुळे हृदयविकाराने गेलेली प्रौढ माणसं सुमारे ५५ लाख! त्यातली नव्वद टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, म्हणजे आपली. त्याआधीचा जागतिक अंदाज ९ लाखांच्या आसपास होता. इतका फरक कसा? तर आधीच्या हिशेबात शिशाचा दोष फक्त बीपी वाढण्यापुरता धरला होता. बीपी न वाढवताही शिसं ज्या वाटांनी हृदयाला मारतं त्या वाटा मोजल्याच नव्हत्या. नव्या अंदाजातही अनिश्चितता आहे, त्यांनी स्वतःच २३ लाख ते ८३ लाख अशी रुंद कमान दिली आहे. ठीक आहे, तुम्ही खालचा आकडा धरा. तेवीस लाख माणसं म्हणजे काय थोडी झाली? त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशननेही लेखी सांगितलं, की शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक हे हृदयविकाराचे धोके म्हणून धरायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणतेच आहे, की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही.

"हे सगळं तिकडचं झालं, आपल्याकडचं काय?" बरोबर प्रश्न. २०२२ मध्ये नीती आयोग आणि सीएसआयआर यांच्या अहवालात आलं, की २३ राज्यांत लोकांच्या रक्तातल्या शिशाची सरासरी दर डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. (डेसिलीटर म्हणजे साधारण अर्धा कप, मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्याशाने एवढं होतं.) आपल्या महाराष्ट्रातही जिथे मोजलं तिथे सापडलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कारखान्यांतले आणि चांदीचे दागिने घडवणारे कामगार तपासले होते, अभ्यास २००६ साली छापून आले. त्यांच्या रक्तात शिसं पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास निघालं. पाच नव्हे, पन्नास! आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात गाड्यांच्या कामावरच्या कामगारांचा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यांत वरचं आणि खालचं दोन्ही बीपी इतरांपेक्षा वाढलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, पण दिशा तीच.

आमच्या वऱ्हाडात खामगावची चांदी नावाजलेली. तिथल्या मुशीपाशी बसणाऱ्या कारागिरांचंही रक्त असंच तपासलं जायला नको का? अकोल्या-अमरावतीच्या गॅरेजांत, बॅटरी दुरुस्तीच्या टपऱ्यांत उघड्या हातांनी काम करणारी विशीतली पोरं आहेत, त्यांचं?

आता हे येतं कुठून ते बघू. यादी घरातूनच सुरू होते.

पहिला शेंदूर. आपलं कुंकू परंपरेने हळद आणि चुन्यापासून व्हायचं, ते निरुपद्रवी. पण शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल भस्म. वेशीवरचा मारुती असो, बांधावरचा म्हसोबा असो की कोरकूंचा मुठवा, तेल-शेंदराशिवाय देव सजत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या दुकानांतलं आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेलं सिंदूर तपासलं होतं, पाऊण हिश्श्याहून जास्त नमुन्यांत शिसं निघालं. कातडीतून ते फारसं आत जात नाही, पण बोटांना लागलेला शेंदूर प्रसादाबरोबर तोंडात जातो, आणि रांगतं पोर ओट्यावर हात फिरवून तोच हात चोखतं. आता कुणी "बाईंनी धर्म बुडवला" म्हणू नका. मारुतीला लाल रंग प्रिय असेल, त्याने शिसं मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. पुडीवर आत काय आहे ते छापायला लावा, एवढंच म्हणते.

दुसरी हळद. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून काही व्यापारी त्याला लेड क्रोमेट नावाचा पिवळाधमक रंग चोपडतात. २०२४ साली आलेल्या अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतली हळद तपासली होती, सगळ्यांत वाईट नमुने पाटणा आणि पेशावरचे निघाले. आपल्या सांगली-हिंगोली-वाशीमच्या हळदीवर मी डाग लावत नाही. उलट शेतकरी प्रामाणिक पीक घेतो, आणि मधल्या कुणाच्या डबाभर रंगाने त्याचंही नाव खराब होतं, म्हणून तपासणी त्याच्याच भल्याची आहे.

तिसरी भांडी. कथील महाग, शिसं स्वस्त, तेव्हा कल्हईत भेसळीचा मोह होतो. आणि बाजारात येणारे भंगारातून ओतलेले स्वस्त ॲल्युमिनियमचे गंज! त्या भंगारात काय काय वितळलं होतं ते ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. आंबट वरण, चिंचेचं सार, कढी अशा भांड्यात शिजली की आंबटपणाने धातू सुटून अन्नात उतरतो. गरिबाचीच भांडी ही. स्टीलवाल्यांनी नाक मुरडू नये.

चौथा रंग. घराच्या ऑइलपेंटमधलं शिसं ९० पीपीएमच्या आत असावं, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. फार चांगलं झालं. पण त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्या, शाळांचे बाक, अंगणवाडीचे घसरगुंडे कुठे गेले? ते आहेत तिथेच आहेत, पोपडे सुटत आहेत.

आणि पाचवी, सगळ्यांत मोठी, बॅटरी. जगात वापरलं जाणारं सुमारे ८५ टक्के शिसं बॅटऱ्यांत जातं. ट्रॅक्टर, मोटारसायकल, इन्व्हर्टर, सौर दिवे, ई-रिक्षा. आमच्याकडे लाइट गेली की दिवसदिवस येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर हवाच. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं. ते सवातीनशे अंशांच्या जरा वरच वितळतं, चुलीवरसुद्धा. म्हणून कुणीही घरामागे भट्टी लावू शकतो. ॲसिड नाल्यात, धूर घरात, राख अंगणात, आणि त्याच अंगणात कोंबड्या आणि नातवंडं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर झकास. पण तो कागद परतवाड्याचा घाट चढून धारणीपर्यंत आलेला मला दिसला नाही. इथे आजही चांगला भाव देणाऱ्या माणसाकडेच बॅटरी जाते.

मी भंगारवाल्याला खलनायक करत नाही. त्याच्या घरात चूल पेटते ती त्या कढईवर. पण त्याच्या पोटाचं निमित्त करून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे मला मान्य नाही. कारखानदाराने बॅटरी विकताना नफा घेतला, आपण उजेड घेतला, आणि शिसं तेवढं त्याच्या हाडांत ठेवलं. असा हा व्यवहार आहे.

आता आक्षेप. माझा पुण्याचा भाचा डॉक्टर आहे, त्याने तर फोनवरच शाळा घेतली माझी.

तो म्हणाला, "मावशी, मेळघाटात कुपोषण एवढं मोठं, तिथे हे शिसं-बिसं म्हणजे चैन आहे." मी म्हटलं, अरे बाबा, उलट आहे! पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. मोठ्या माणसाच्या पोटातून शंभरातलं दहाएक शिसं रक्तात जातं, लहान मुलाच्या पोटातून निम्म्यापर्यंत. नव्वदच्या दशकापासून कुपोषणासाठीच पेपरात येणाऱ्या आमच्या तालुक्यात अंगात रक्त नसलेल्या बाया आणि मुलं किती आहेत ते तुम्ही शहरातलेच आम्हाला सांगत असता. मग शिशाचा मार सगळ्यांत जास्त कुणाला बसेल? कुपोषण आणि शिसं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकाच खाटेवरचे दोन ढेकूण आहेत.

दुसरा आक्षेप, "तंबाखू आणि मीठ यांचा धोका मोठा आहे, लोकांचं लक्ष तिकडून हटेल." का हटेल? दोन गोष्टी एका वेळी सांगता येत नाहीत का? तंबाखू सोडाच. तंबाखूच्या धुरातही शिसं आणि कॅडमियम असतं, तेही सांगा. पण फरक लक्षात घ्या. तंबाखू माणसाला दिसते, तो सोडू शकतो. हळदीतलं शिसं ना दिसतं, ना वास येतो, ना चवीला लागतं. जे दिसत नाही ते सोडा असा उपदेश करता येत नाही. ते कायद्यानेच काढावं लागतं.

तिसरा आक्षेप नातेवाइकांच्या ग्रुपवरून. "आपले पूर्वज शेंदूर लावून शंभर वर्षं जगले." जगले ते आपण मोजले, गेले ते कुणी मोजले? आणि पूर्वजांच्या घरात इन्व्हर्टर नव्हता.

या ग्रुपवरच दुसरी एक टोळी आहे, "डिटॉक्स"वाली. हे प्या, ते चाटा, शरीरातले जड धातू तीन आठवड्यांत बाहेर. त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. रक्तातलं शिसं ओढून काढणारं खरं औषध असतं, शिरेतून देतात. मधुमेह असलेल्या आणि एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे साडेनऊशे लोकांवर अमेरिका-कॅनडात त्याची रीतसर चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये छापून आला. रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी उतरलं, पण पुढचे अटॅक आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. शिशाची तीव्र बाधा झालेल्या माणसाला ते औषध लागतंच, तो भाग वेगळा. पण चाळीस वर्षं शिसं खाऊन मग धुऊन काढू, हा हिशेब हृदयाच्या बाबतीत जमला नाही. ही चाचणी एवढी मोठी, तिथे तुमचा काढा काय करणार? शिसं आत जाऊ न देणं हाच खरा उपाय.

आणि तसं करता येतं, मंडळी, हेच मला ओरडून सांगायचं आहे. पेट्रोलचं उदाहरण घ्या. इंजिनाची ठकठक थांबावी म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं घालत होते. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसंमुक्त पेट्रोल सुरू झालं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर. शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये ते बंद केलं आणि जगातल्या मोटारींतून ते गेलं. तुम्ही-मी त्यासाठी काय पथ्य पाळलं? काही नाही. कायदा झाला आणि हवेतलं शिसं गेलं. अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात हृदयविकाराचे मृत्यू घटले, त्या घटीतला जवळपास तिसरा हिस्सा शिसं आणि कॅडमियम कमी झाल्यामुळे असावा, असा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. एवढं काम कुठल्या पथ्याने केलं असतं?

बरं, श्रीमंत देशांचं सोडा. बांगलादेश बघा. तिथे २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत लेड क्रोमेट सापडलं. सरकार हललं. बाजारात यंत्र घेऊन गेले, व्यापाऱ्यांना जागच्या जागी दंड केला, पत्रकं वाटली, टीव्हीवर दाखवलं. २०२१ मध्ये प्रमाण शून्यावर आलं. हळद दळणाऱ्या गिरणीकामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. दोन वर्षांत! जे ढाक्याच्या बाजारात झालं ते अकोल्याच्या बाजारात का होऊ नये?

आपल्याकडे शिशावरून एकदाच रान उठलं, २०१५ मध्ये, मॅगीवरून. बंदी आली, मुंबई उच्च न्यायालयाने ती ऑगस्टमध्ये रद्द केली, न्यायालयाने नेमून दिलेल्या प्रयोगशाळांत नमुने मर्यादेत निघाले, नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात. त्या वादात मला पडायचं नाही. मला नवल वाटतं ते आपलं. पाच महिने सारा देश "शिसं, शिसं" करत होता, आणि पाकीट परत फडताळात आल्याबरोबर तो शब्दच विसरला. दोन मिनिटांत.

माझ्या मागण्या फार नाहीत. एक, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत लोकांच्या रक्तातल्या शिशाची नमुना पाहणी करा, मुलांची आणि मोठ्यांचीही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई-दिल्लीच्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त यासाठी तपासलं होतं, बहुतेकांच्या रक्तात शिसं पाचच्या वर निघालं. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीही जमत होतं, आणि आता तर नागपूरला नीरीसारखी संस्था हाताशी आहे. दोन, आशाताईंच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा, "बॅटरी, भंगार, रंगकाम, चांदीकाम यातलं काही करता का?" तीन, बीपी वाढलेल्या अशा कामगाराची शिशाची तपासणी फुकट व्हावी. चार, हळद, शेंदूर आणि बाजारातली भांडी यांचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने किंवा ज्या कुणाच्या अखत्यारीत येत असतील त्यांनी नेमाने तपासावेत आणि निकाल पेपरात छापावा. पाच, जुनी बॅटरी दुकानात परत दिली तर भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतील अशी सोय तालुक्याला करा, आणि ते गोळा करायचं काम त्याच भंगारवाल्यांना द्या, फोडण्याचं नव्हे.

तोपर्यंत घरात जे हातात आहे ते करा. हळकुंडं आणून घरी दळा, पण फार चकचकीत हळकुंड घेऊ नका. आंबट पदार्थ भंगारी ॲल्युमिनियममध्ये शिजवू नका. शेंदूर लावला की साबणाने हात धुवा. घरात गॅरेजचं, रंगाचं काम करणारं कुणी असेल तर कामाचे कपडे वेगळे धुवा. पोरांना दूध, डाळ, हिरव्या भाज्या मिळतील ते पाहा. पण एवढं करून "झालं आपलं काम" म्हणू नका, कारण यातलं निम्मं भंगारवाल्याच्या बायकोला परवडत नाही.

मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला आहे. प्रश्न दोनच. गेल्या पाच वर्षांत अमरावती जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत रक्तातल्या शिशाच्या किती तपासण्या झाल्या, आणि जिल्ह्यात जुन्या बॅटऱ्या परत घेणारी नोंदणीकृत केंद्रं किती व कुठे आहेत. सोमवारी पोस्टात टाकते. तुम्ही ज्या जिल्ह्यात असाल तिथे हाच अर्ज टाका, मजकूर हवा असेल तर मला कळवा, पाठवीन. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे छापीन. "निरंक" आलं तर तेही छापीन.